जुने इंदूर : कंपेल परगण्यातील एक खेडे

इंदूर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे राजवाड्याचे सात मजले, सराफ्यातील रात्रीची वर्दळ आणि पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचे नाव उभे राहते. २०११ साली वीस लक्षांच्या आसपास वस्ती असलेले हे नगर तीनशे वर्षांपूर्वी एक सामान्य खेडे होते, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही. मोगल अमदानीत माळवा सुभ्याच्या उज्जैन सरकारात कंपेल नावाचा परगणा होता आणि त्या परगण्याच्या गावांपैकी इंदूर हे एक गाव होते. परगण्याचे ठाणे कंपेल येथे होते. सारा तेथे जमे, कज्जे तेथे चालत आणि इंदूरच्या पाटलाला सरकारी कामासाठी तेथवर जावे लागे. पुढे चक्र उलटे फिरले. इंदूर राजधानी झाले आणि कंपेल खेडे राहिले. हे कसे घडले व त्या मूळ खेड्याच्या कोणत्या खुणा आज नगरात उरल्या आहेत, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

गावाच्या इतिहासाचे महत्त्व इंग्लंडातील लोकांनी फार पूर्वी ओळखले. त्या देशात 'पॅरिश' म्हणून एक जुना विभाग आहे. एक चर्च, त्याभोवतीचे गाव आणि गावाची शेतजमीन मिळून पॅरिश बनते. १५३८ साली निघालेल्या राजाज्ञेनुसार प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवणे बंधनकारक झाले. १६०१ च्या कायद्याने गोरगरिबांच्या पोषणाचा भार पॅरिशवर पडला आणि १८९४ मध्ये ग्रामीण पॅरिशला लोकनियुक्त मंडळ मिळाले. वर्षातून एकदा गावकरी मिळून सीमेवरून फेरी काढीत आणि मुलांच्या लक्षात राहावे म्हणून सीमेच्या दगडांवर छड्या मारीत चालत. पाच-पन्नास घरांच्या इंग्रज खेड्याचाही छापील इतिहास आढळतो, त्याचे मूळ या सवयीत आहे. आपल्याकडे अशी वही नव्हती. पण शीव होती, ग्रामदैवत होते, वतनदार होते आणि वतनाचे कागद होते. इंदूरच्या खेडेपणाचा माग याच चार गोष्टींवरून काढता येतो.

भूमी आणि पाणी

इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसले आहे. जमीन काळी, कापसाची व गव्हाची. दक्षिणेस थोड्या अंतरावर विंध्याद्रीची कड येते आणि तेथून निमाडचा उतार नर्मदेपर्यंत जातो. नर्मदा जवळ असली तरी इंदूरचे पाणी तिला मिळत नाही. खान (हिलाच आता कान्ह म्हणतात) आणि सरस्वती या दोन लहान नद्यांचा संगम गावात होतो, खान उत्तरेस वाहत जाऊन उज्जैनजवळ क्षिप्रेस मिळते, क्षिप्रा चंबळेस, चंबळ यमुनेस आणि यमुना गंगेस. इंदूरच्या अंगणात पडलेला पाऊस अशा रीतीने प्रयागास पोचतो.

या संगमाच्या परिसरातच मूळ गावठाण वसले. काळ्या जमिनीच्या मुलखात पाण्याजवळची थोडी उंच जागा गावठाणासाठी निवडण्याची रीत सर्वत्र दिसते. गावाजवळ इंद्रेश्वर महादेवाचे देऊळ होते व त्यावरून इंदूर हे नाव रूढ झाले अशी समजूत आहे. हे देऊळ पंढरीनाथ भागात आजही आहे. जुनी मराठी कागदपत्रे वाचणाऱ्यांनी येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. तेलंगणातील निजामाबादचेही जुने नाव इंदूरच होते, आणि पुणे जिल्ह्यात तळेगावाजवळ इंदोरी नावाचे गाव आहे. कोणत्या इंदुराचा उल्लेख आहे, हे परगण्याचे नाव पाहिल्याशिवाय ठरवू नये.

दुसरी अनुकूल गोष्ट रस्त्याची. दक्षिणेकडून नर्मदा ओलांडून, घाट चढून उज्जैनकडे जाणारा वाटसरू, व्यापारी किंवा लष्कर इंदूरच्या आसपास पठारावर मोकळा श्वास घेई. चारा मुबलक, पाणी हाताशी. तळ देण्यास याहून सोयीची जागा नव्हती. कंपेल या सरळ वाटेपासून आग्नेयेस बाजूला पडते.

गावचा कारभार

माळव्यातील ग्रामव्यवस्था महाराष्ट्रातील वाचकास परकी वाटू नये. नावे निराळी, कामे बहुतांशी तीच. गावाचा मुख्य तो पटेल, म्हणजे आपला पाटील. हिशेब राखणारा पटवारी, म्हणजे कुलकर्णी. परगण्यावर देशमुखाच्या जागी मंडलोई किंवा चौधरी आणि देशपांड्याच्या जागी कानूनगो. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चर्मकार हे कारू खळ्यावरील धान्याच्या वाट्यावर गावाची सेवा करीत. महाराष्ट्रात हेच बलुते. बलाई हा गावचा राखणदार व निरोप्या असे आणि गावाची शीव कोठून कोठे जाते हे त्याला ठाऊक असे. महाराष्ट्रात सीमेच्या तंट्यात महाराची साक्ष प्रमाण मानीत, तोच हा प्रकार. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांच्याच स्मरणावर गावाची सीमा उभी होती, ही विसंगती दोन्ही प्रांतांत सारखीच आढळते.

मंडलोईचे काम केवळ सारा गोळा करण्याचे नव्हते. ओसाड जमिनीवर कुळे आणून बसविणे, पटेलांच्या वतीने सरकाराशी बोलणे, सरकारच्या वतीने पटेलांना समजावणे आणि वसुलीची हमी घेणे ही सारी जबाबदारी त्याच्यावर असे. राज्य बदलले तरी मंडलोई बदलत नसे, कारण नव्या राज्यकर्त्यालाही गावागावाची माहिती त्याच्याकडूनच मिळावयाची. कंपेल परगण्याचे मंडलोईपद ज्या घराण्याकडे होते, त्याचा प्रमुख अठराव्या शतकाच्या प्रारंभी राव नंदलाल हा होता.

राव नंदलाल मंडलोई

नंदलालने इंदुरास आपले ठाणे केले. जुन्या इंदुरातील 'बडा रावला' ही या घराण्याची वास्तू. रावला म्हणजे जमीनदाराचा वाडा. येथे व्यापाऱ्यांनी यावे, दुकाने थाटावी म्हणून त्याने मोगल दरबाराकडून १७१६ साली करमाफीची सनद मिळविली, असे घराण्याची परंपरा सांगते. नाक्यानाक्यावर जकात भरून मेटाकुटीस आलेल्या व्यापाऱ्यास हे मोठेच आकर्षण होते. नंदलालपुरा ही पेठ त्याच्या नावाने आजही ओळखली जाते. गाव करी ते राव न करी, अशी आपली म्हण आहे. इंदूरच्या बाबतीत रावाने दार उघडले आणि गाव वाढले, असे म्हणावे लागेल.

याच सुमारास नर्मदेपलीकडून मराठ्यांच्या फौजा माळव्यात येऊ लागल्या. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेरा येथे चिमाजी अप्पांच्या सेनेने मोगल सुभेदार गिरिधर बहादूर व त्याचा नातलग दया बहादूर यांचा पराभव केला. दोघेही रणांगणावर पडले आणि माळव्याचे दार मराठ्यांना मोकळे झाले. या काळात नंदलाल व इतर जमीनदार मराठ्यांना अनुकूल होते. या संबंधातील काही पत्रांच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, परंतु जमीनदारांची अडचण समजण्यासारखी आहे. सुभेदाराचा सारा वाढत होता आणि संरक्षण मिळत नव्हते. दोन बाजूंनी लुटली जाणारी गावे राखावयाची तर एका बाजूशी सलोखा करणे भाग होते. घराण्याचे हक्क होळकरांच्या अमदानीतही चालू राहिले, यावरून हा सलोखा निष्फळ ठरला नाही असे दिसते.

होळकरांचे इंदूर

पेशव्यांनी माळव्याची वाटणी केली तेव्हा हा भाग मल्हारराव होळकरांकडे आला. मल्हारराव हे नीरेकाठच्या होळ गावचे. १७३४ साली पेशव्यांनी त्यांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगी जहागीर दिली. महेश्वरासह माळव्यातील काही गावे व दक्षिणेतील काही महाल तीत होते. या खासगीचा हिशेब दौलतीच्या, म्हणजे राज्याच्या हिशेबापासून वेगळा ठेवीत. अहिल्याबाईंनी काशी, गया, सोमनाथ अशा ठिकाणी जी देवळे व घाट बांधले, त्यांमागे या वेगळ्या हिशेबाची शिस्त होती.

मल्हाररावांनी १७४७ मध्ये इंदुरात वाड्याचे काम सुरू केले. हाच राजवाडा. खालचे तीन मजले दगडी व वरचे चार लाकडी. तो जुन्या गावठाणात नाही, नदीच्या दुसऱ्या अंगास आहे. जुने गाव मंडलोईचे राहिले आणि होळकरांची पेठ पलीकडे वाढली. मराठे सरदारांनी पुष्कळ ठिकाणी अशीच वाट धरली. जुन्या वस्तीला फारसा धक्का लावला नाही, शेजारी नवी वस्ती केली. त्यामुळेच मूळ खेडे नगराच्या पोटात शाबूत राहिले.

१७६६ मध्ये मल्हारराव निवर्तले, १७६७ मध्ये नातू मालेराव गेला आणि कारभार अहिल्याबाईंच्या हाती आला. त्यांनी राजधानी नर्मदाकाठी महेश्वरास नेली, पण इंदूरकडे दुर्लक्ष केले नाही. कंपेलची परगण्याची कचेरी इंदुरास येऊन स्थिर झाली ती या शतकातच. मध्य हिंदुस्थानाचा कारभार पाहिलेल्या सर जॉन माल्कमने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक प्रसंग नोंदविला आहे. सेनापती तुकोजी होळकरांचा तळ इंदूरजवळ असताना एक धनिक सावकार निपुत्रिक वारला. काही हितसंबंधी मंडळींच्या सांगण्यावरून तुकोजींनी त्याच्या संपत्तीत वाटा मागण्याचे मनात आणले. त्या सावकाराची विधवा महेश्वरास गेली व अहिल्याबाईंपुढे उभी राहिली. बाईंनी तिचे म्हणणे ऐकून घेतले, मालमत्तेची धनीण तीच असे ठरवून तिला वस्त्रे दिली आणि तुकोजींना तळ इंदूरपासून दूर हलविण्याचा हुकूम पाठविला.

वरकरणी ही एका कुटुंबाची गोष्ट आहे. परंतु तिचा परिणाम एका कुटुंबापुरता राहिला नसणार. सावकार ज्या गावी आपले धन मृत्यूनंतरही सुरक्षित राहील अशी खात्री धरतो, त्या गावी तो घर बांधतो. करमाफीने व्यापारी येतात हे खरे, ते टिकतात न्यायाने. इंदूर खेड्याचे शहर कशाने झाले, या प्रश्नाच्या उत्तरात रस्ता, पाणी व सनद यांच्या बरोबरीने या निवाड्याचीही गणना करावयास हवी.

बेचिराख

१७९५ साली अहिल्याबाईंचे निधन झाले आणि थोड्याच वर्षांत माळव्याची घडी विसकटली. शिंदे-होळकर वैरात १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैन लुटले. त्याच वर्षी शिंद्यांच्या वतीने सर्जेराव घाटग्यांनी इंदूरवर सूड उगविला. शहर लुटले गेले, राजवाडा जाळला गेला. पुढे पेंढाऱ्यांचा सुळसुळाट झाला. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे होळकरांच्या फौजेचा इंग्रजांकडून पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह होऊन होळकरांना पुष्कळ मुलूख सोडावा लागला.

या धुमाळीत खेड्यांची काय स्थिती झाली, हे माल्कमने दिलेल्या आकड्यांवरून कळते. १८१७ साली होळकरांच्या मुलखातील ३,७०१ गावांपैकी केवळ २,०३८ गावांत वस्ती होती. १,६६३ गावे बेचिराग होती. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी दिवा लावणारे कोणी उरलेले नाही, ते बेचिराग. मराठीत आपण 'बेचिराख' म्हणतो आणि राखेशी त्याचा संबंध जोडतो, पण मूळ अर्थ राखेहून अधिक करुण आहे. गाव जळावेच लागते असे नाही, माणसे निघून गेली तरी दिवा विझतो.

तहानंतर शांतता झाली तसे लोक परतू लागले. १८१८ मध्ये २६९ गावे पुन्हा वसली, १८१९ मध्ये ३४३ आणि १८२० मध्ये ५०८. उरली ५४३. तीन वर्षांत अकराशेवीस गावांत दिवे लागले. हे काम फौजेने झाले नाही. पटेल आपापल्या गावी आले, त्यांनी कुळे बोलाविली, बी-बियाणे व बैल यांसाठी तगाई आणि पहिल्या वर्षांना हलका सारा असा कौल घेतला आणि नांगर धरले. वर्षानुवर्षे परागंदा झालेल्या कुटुंबांनाही आपले शेत कोणते, विहीर कोणती, शीव कोणती हे ठाऊक होते. पटेलाच्या वतनाचे महत्त्व येथे दिसते. गाव ओसाड असतानाही गावपण माणसांच्या स्मरणात व वतनदारांच्या कागदांत जिवंत होते.

नगराची वाढ

बाल मल्हारराव दुसरे यांच्या वतीने कारभार पाहणारे दिवाण तात्या जोग यांनी १८१८ मध्ये राजधानी इंदुरास आणली. नगराच्या पूर्वेस इंग्रजांची रेसिडेन्सी आली, महू येथे छावणी झाली. माळव्याच्या अफूचा व्यापार इंदूरच्या सावकारांच्या हाती गेला व पेढ्यांत पैसा खेळू लागला. १८७० च्या सुमारास तुकोजीराव दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ देऊन खांडव्याहून नर्मदा ओलांडून इंदूरपर्यंत लोहमार्ग आणविला. नंतर कापडाच्या गिरण्या निघाल्या. हा भाग सर्वश्रुत असल्यामुळे त्याचा विस्तार येथे करीत नाही.

मराठी माणसाला अधिक जिव्हाळ्याची गोष्ट निराळी आहे. दक्षिणेतून आलेल्या सरदार, शिलेदार, कारकून, पुराणिक, आचारी या सर्व मंडळींनी माळव्याच्या खेड्याशेजारी आपला देश पुन्हा मांडला. पंढरीनाथाचे मंदिर बांधले. संगमाच्या जवळच जुन्या इंदुरात चंद्रभागा नावाचा मोहल्ला आहे. ज्याला भीमेकाठी जाणे जमत नव्हते, त्याच्यासाठी भीमाकाठ येथे आला. रंगपंचमीला राजवाड्यापुढून निघणारी गेर आणि अनंत चतुर्दशीला गिरणी कामगारांनी सुरू केलेल्या झाँक्यांची मिरवणूक ही आज साऱ्या नगराची, सर्व भाषांच्या लोकांची झाली आहे. सकाळच्या पोह्यांविषयी तर बोलावयासच नको. ते दक्षिणेतून आले आणि माळव्याच्या जिलबीशी त्यांची सोयरीक झाली. मराठी साहित्य संमेलन इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ असे तीनदा भरले. तरीही घराबाहेर पडल्यावर येथील मराठी माणूस माळवीत बोलतो व माळवी शेजाऱ्याच्या तोंडी मराठी शब्द येतात. जुने खेडे आणि नवी पेठ यांच्यातील नदी अशी केव्हाच ओलांडली गेली.

एक दिवाळी आणि एक खड्डा

विसाव्या शतकाच्या प्रारंभी प्लेगने इंदूरला वारंवार ग्रासले. जुन्या वस्तीतील बोळ पाडून रुंद रस्ते करावेत, असा त्या काळच्या अभियंत्यांचा साधारण कल असे. होळकर दरबाराने स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना पाचारण केले. त्यांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. गेडिस यांचे म्हणणे वेगळे होते. बोळ, चौक, पार, विहीर आणि देऊळ यांनी बनलेली जुनी वस्ती हा रोग नव्हे, रोग घाणीचा व उंदरांचा आहे. घरे पाडण्याऐवजी ती दुरुस्त करावीत, पडीक जागांत झाडे लावावीत, नद्या स्वच्छ करून त्यांच्या काठी बागा व घाट राखावेत, असा त्यांचा आग्रह होता.

लोकांना हे पटविण्यासाठी त्यांनी व्याख्याने दिली नाहीत, दिवाळीची मिरवणूक काढली. मिरवणूक ठरलेल्या मार्गाने न जाता ज्या गल्ल्यांत सर्वाधिक साफसफाई व दुरुस्ती होईल तेथून जाईल, असे जाहीर केले. मग काय विचारता! गल्लीगल्लीत झाडू व चुन्याच्या बादल्या निघाल्या. मिरवणुकीत घाणीच्या राक्षसाचा व प्लेगच्या उंदराचा पुतळा होता आणि शेवटी त्यांचे दहन झाले. शुभ्र वस्त्रे घातलेले, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार नव्या झाडूंसह त्यात मानाने चालले होते. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर सलग अनेक वर्षे पहिले आले. या यशाची चर्चा करताना शंभर वर्षांपूर्वीच्या त्या दिवाळीचा उल्लेख क्वचितच होतो.

दुसरी देणगी शेतीची. १९२४ मध्ये येथे वनस्पतिउद्योग संस्था स्थापन झाली व अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ तिचे संचालक झाले. शेतातील काडीकचरा, तणे, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि थोडी राख यांचे थर खड्ड्यात घालून, ओलावा राखून, तीन वेळा वरखाली केल्यास सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार होते, हे त्यांनी सिद्ध केले. शेणाच्या गोवऱ्या थापून जाळण्याची चाल असल्यामुळे शेताला खत कमी पडते, म्हणून थोडे शेण व भरपूर कचरा यांवर ही रीत बेतलेली होती. १९३१ साली हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी यावर पुस्तक प्रसिद्ध केले. 'इंदूर पद्धत' या नावाने ही रीत जगभर गेली आणि इंग्लंडातील खेड्यांतल्या शेतकऱ्यांनीही ती उचलली. इंग्रजांनी माळव्याच्या खेड्यांचे वर्णन लिहून नेले आणि माळव्याचा खड्डा इंग्लंडच्या शेतात गेला, असा हा देवाणघेवाणीचा हिशेब आहे.

गिळलेली गावे

इंदूर स्वतः खेडे होते, तसे आता ते भोवतालच्या खेड्यांना पोटात घेत आहे. पलासिया, खजराना, पिपल्याहाना, बिजलपूर, सिरपूर, सुखलिया ही एके काळची स्वतंत्र गावे. काहींच्या नावांत पळस आणि पिंपळ अजून ओळखू येतात, जमिनीवर ते दिसोत वा न दिसोत. २०१४ च्या सुमारास आणखी २९ गावे महानगरपालिकेच्या हद्दीत आली. गाव हद्दीत आले की ग्रामपंचायत बरखास्त होते, दप्तर दुसऱ्या कचेरीत जाते, गायरानाचा भूखंड होतो आणि शेताचे नाव जाऊन वसाहतीचे नाव येते. रस्ते, दिवे व नळ मिळतात, त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण शिवेवरचा दगड कोणत्या घराच्या कुंपणात गेला, गावविहीर कोणी बुजविली, हे सांगणारी माणसे एका पिढीत नाहीशी होतात. इंग्रज खेड्यातील मुलांच्या छड्यांना जे साधले, ते येथे शाळेतील मुलांकडून सहज साधण्याजोगे आहे. गावची शीव एकदा पायी फिरून, प्रत्येक शेताचे जुने नाव वयस्करांकडून विचारून, विहिरी, पार, समाध्या व वीरगळ यांचा नकाशा काढून ठेवण्यास एक शिक्षक आणि एक उन्हाळी सुट्टी पुरे. पटवाऱ्याचे जुने नकाशे व नोंदी जिल्हा कचेरीत पडताळून घेता येतात. महाराष्ट्रातील ज्या गावांभोवती नगरे वाढत आहेत, तेथील शिक्षक, तलाठी व ग्रामसेवक यांनाही हेच लागू आहे, आणि हे काम गाव हद्दीत जाण्यापूर्वीच व्हावयास हवे.

तलावांच्या बाबतीत थोडे समाधान आहे. होळकर अमदानीत बांधलेले सिरपूर तलाव आणि गंभीर नदीवरील यशवंत सागर यांना २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत स्थान मिळाले. ज्या नद्यांवर गाव वसले, त्यांचे मात्र हाल झाले. पिण्याचे पाणी संगमाकडे मागण्याचा काळ केव्हाच सरला. १९७८ पासून इंदूर नर्मदेचे पाणी पिते. सुमारे सत्तर किलोमीटरवरून, विंध्याद्री चढवून हे पाणी आणतात आणि वापरलेले पाणी वर्षानुवर्षे खान-सरस्वतीत सोडले गेले. खालच्या अंगास उज्जैन आहे, तेथे सिंहस्थात लक्षावधी लोक क्षिप्रेत स्नान करतात. म्हणून २०१६ च्या सिंहस्थापूर्वी खानचे पाणी नळाने उज्जैनच्या घाटांना वळसा घालून पुढे सोडण्याची योजना करावी लागली आणि २०२८ च्या सिंहस्थासाठी त्याहून मोठा बंदिस्त मार्ग हाती घेण्यात आला. इंदुरातील नाले अडवून सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांकडे नेण्याचे कामही गेल्या काही वर्षांत झाले आहे. गेडिस यांनी १९१८ साली ज्या काठांवर बागा कल्पिल्या होत्या, त्यांपैकी काही काठ आता मोकळे होऊ लागले आहेत.

जुन्या इंदुरात गेल्यास अरुंद चढणीचे बोळ, शनिमंदिराची गर्दी आणि रावल्याची वास्तू आजही दिसते. राजवाडा १९०८ व १९८४ मध्ये पुन्हा आगीत सापडला व पुन्हा उभा करण्यात आला. कंपेल मात्र आहे तेथेच आहे. परगण्याची कचेरी गेली, जमीनदाराचे ठाणे गेले, व्यापारी गेले. काळ्या शेतांच्या मध्ये ते एक खेडे आहे आणि त्याचे गावकरी आपल्या सरकारी कामासाठी आता इंदुरास येतात.